चौथ्या दिवशीचा फोन

१२ फेब्रुवारी

पोरी,

वर काय लिहावं यातच तीन कागद गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तुला लाडीगोडी वाटेल, नुसतं नाव लिहिलं तर नोटीस वाटेल. शेवटी तोंडात जे येतं तेच लिहिलं.

तू आईजवळ निरोप ठेवलास की बाबांना काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा म्हणावं, तोंडाने बोलतात तेव्हा ते विषय बदलतात. निरोप पोचला. तिने तो शब्दाला शब्द सांगितला आणि वर विचारलं, “यात खोटं काय आहे?” मी म्हणालो, पंखा फार आवाज करतोय, तेल घालायला हवं. मग माझं मलाच कळलं. म्हणून लिहायला बसलोय.

आधी आईबद्दल. पोटात बसवलेली निचऱ्याची नळी काढली त्याला आज एकोणीस दिवस झाले. जखम कोरडी आहे. वजन पावणेदोन किलो वाढलंय. सकाळी गॅलरीच्या टोकापासून जिन्यापर्यंत सहा फेऱ्या मारते आणि दर फेरीला मी मोजतोय ना, हे बघते. काल आरशासमोर उभी राहून पोटावरचे व्रण बघत होती. म्हणाली, “पहिल्या डॉक्टरचे टाके बघा आणि दुसऱ्याचे बघा. पहिल्यासारखी शिवण मी घातली असती तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता.” हसलीसुद्धा. हसताना अजून पोटावर हात धरावा लागतो.

तिचं दुकान बंदच आहे. शटरवर मी पाटी लावलीय. आत लोकांच्या अकरा पँटी लटकताहेत, कुणाची कंबर सैल करायची, कुणाची आवळायची. चार महिन्यांत बहुतेकांची कंबर बदलली असेल, असं ती म्हणते.

आता वकीलबाईंच्या लखोट्याबद्दल. तू पाठवलास, मिळाला. त्यांनी सगळी हकिगत क्रमाने लिहून मागितली आहे. तीच इथे लिहितो, म्हणजे तुझं-माझं एकदाच जुळेल. ऑक्टोबरात आईच्या पित्ताशयात खडे निघाले. तू म्हणालीस, इकडे माझ्याकडे आणा, मोठं हॉस्पिटल आहे. मी म्हणालो, घरचा डॉक्टर असताना कशाला? तुझ्या डॉक्टरकाकाने आपल्या हॉस्पिटलात दुर्बिणीने ऑपरेशन केलं. दोन दिवसांनी घरी सोडलं. घरी आल्यावर तिला दुखायला लागलं. दुखायला लागल्याबरोबर मी त्याला फोन केला. तो म्हणाला, गॅसेस असतील, गोळी द्या. मग कावीळ दिसली, ताप चढला, तिला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि तिथे कळलं की पित्ताशयाबरोबर पित्ताची मुख्य नळीही कापली गेली होती. पोटभर पित्त साचलं होतं. पुढचे एकतीस दिवस आणि दुसरं ऑपरेशन तू स्वतः पाहिलंस.

माझं मत विचारशील तर केस करू नये. ऑपरेशनआधी आईने ज्या कागदावर सही केली त्यात ही नळी दुखावू शकते असं लिहिलेलं होतं. मोठ्या हॉस्पिटलातले सर्जनही म्हणाले की हे कुणाच्याही हातून होऊ शकतं. तुझा डॉक्टरकाका आणि मी दुसरीपासून एका बाकावर बसलेलो. त्या दिवसांत तो माझ्यासमोर रडला. त्याचा हेतू वाईट नव्हता. आणि आता कोर्टकचेरी करून ती नळी परत येणार आहे का?

हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर आपण जे बोललो त्याबद्दल एवढंच, की तू जे बोललीस ते मी विसरलोय. मी जे बोललो ते विसरलेलो नाही.

बाबा


२३ फेब्रुवारी

पोरी,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. “हेतूबद्दल कुणी विचारलेलं नाही. तारखा लिहा. हॉस्पिटलकडून फाइल मागा. आईला जपा.” तू इमारतींच्या लिफ्ट तपासायला जातेस तेव्हा तिथल्या सोसायटीवाल्यांशीही असंच बोलत असणार. त्यांची मला कीव आली.

फाइल मागायला गेलो. तळघरात रेकॉर्डची खोली आहे, तिथे एक बाई बसतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, साहेबांची परवानगी लागेल. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, साहेब ऑपरेशनमध्ये आहेत. तिसऱ्या दिवशी मी घरून डबा आणि वाचायला जुनं मासिक घेऊन गेलो आणि समोरच्या बाकावर बसलो. मासिकातल्या चुकांवर खुणा करत होतो, सवयच आहे. चार वाजता त्यांनी न बोलता झेरॉक्स हातात दिली. बाई वाईट नाहीत. जाताना म्हणाल्या, “काका, घरी जाऊन शांतपणे वाचा.” ते सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बत्तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. पाठ्यपुस्तकं, पंचवार्षिक अहवाल, लग्नपत्रिका. छापलेला कागद समोर आला की माझा डोळा आधी अर्थाकडे जात नाही, चुकीकडे जातो. ऑपरेशनची नोंद सव्वा पान आहे. ‘शस्त्रक्रियेत कोणतीही अडचण आली नाही.’ ‘सर्व रचना स्पष्ट दिसल्या.’ वेळेच्या रकान्यात सुरुवात नऊ चाळीस, शेवट एक पाच. तुझा डॉक्टरकाका मला आधी म्हणाला होता, पाऊण तासाचं काम आहे. अडचण आली नाही तर साडेतीन तास कशाला लागले?

पण ते मी दुसऱ्यांदा वाचताना पाहिलं. पहिल्यांदा वाचताना मी अडकलो शेवटच्या ओळीवर. ‘रुग्ण शुद्धीवर आला. त्याला खोलीत हलवण्यात आले.’

आला. त्याला.

मला वाटलं टंकलेखनाची चूक. मग सगळं पान लिंग तपासत वाचलं. पाच ठिकाणी तुझी आई पुरुष आहे, एका ठिकाणी तर स्पष्ट ‘पुरुष रुग्ण’ असंच लिहिलंय. म्हणजे ही नोंद तिची नाहीच. दुसऱ्या कुणाची तरी, सुरळीत झालेल्या ऑपरेशनची नोंद उचलून वर तिचं नाव घातलंय. तिच्या पोटात साडेतीन तास काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी तो कागद आईला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “म्हणजे कुणीतरी दुसराच बरा झाला.”

अजून मी केस करा असं म्हणत नाही. पण मागच्या पत्रात जेवढ्या ठामपणे ‘नको’ लिहिलं होतं तेवढं आज लिहिता येत नाही.

तारखांचं म्हणशील तर दुखणं घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झालं की चौथ्या, ते मला आता नीट आठवत नाही. घरी सोडताना दिलेलं डिस्चार्ज कार्डही फाइलमध्ये नाही. मूळ प्रत आपल्याकडे होती, ती धावपळीत कुठेतरी गेली असणार.

आईने तुला लोकरी मोजे पाठवायला सांगितलेत. वेगळ्या पार्सलने पाठवतो.

बाबा


४ मार्च

पोरी,

हे पत्र मी चार दिवस टाळलं. आज आई म्हणाली, तुम्ही लिहिणार आहात की मी लिहू? म्हणून बसलो.

शनिवारी आम्ही तुझ्या वकीलबाईंना भेटून आलो. तीन जिने चढायचे होते. आई प्रत्येक मजल्यावर थांबली, पण चढली. बाईंना सर्दी झाली होती आणि टेबलावर फाइलींपेक्षा रुमाल जास्त होते. बोलतात मात्र मोजकं. त्यांनी आधी आईला सांगितलं, “चूक झाली म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही. नळी कापली गेली एवढ्यावर मी केस उभी करणार नाही, ते चांगल्या सर्जनच्या हातूनही होतं. केस उभी राहील ती पुढच्या सात दिवसांवर. डॉक्टरला कधी कळवलं, काय कळवलं, तो काय म्हणाला. आणि तुम्हाला घरी सोडताना काय सूचना दिल्या होत्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “डिस्चार्ज कार्ड?”

मी म्हणालो, हरवलं.

खाली उतरलो, रस्ता ओलांडला, बसथांब्यावरच्या बाकावर बसलो. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “ते कार्ड तुमच्या मोठ्या शब्दकोशात आहे. म अक्षराच्या आसपास.”

“तुला कधी सापडलं?”

“डिसेंबरात. मला ‘मूत्रपिंड’ शब्द बघायचा होता.”

अडीच महिने तिला माहीत होतं, आणि ती मला सूप करून देत होती. म्हणजे मी तिला करून देत होतो, आणि ती पीत होती. मी काय लिहितोय तेही मला समजत नाहीये.

त्या कार्डावर तळाला एक ओळ छापलेली आहे. ‘ताप, पोटदुखी, पोट फुगणे किंवा डोळे पिवळे दिसल्यास ताबडतोप रुग्णालयात यावे.’ ‘ताबडतोप’. आईला घरी आणलं त्या दिवशी मी ती ओळ वाचली, प कापून पेन्सिलीने वर ब लिहिला आणि समासात खूण केली. माझ्याच हातची, बत्तीस वर्षांची खूण. ओळ मी वाचली नव्हती, असं मला जगात कुणालाही सांगता येणार नाही. मी ती दुरुस्त केली होती.

आता तारखा. मला त्या आठवतात. सगळ्या आठवतात.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला दुखायला लागलं. मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. फोन केला नाही. त्या दिवशी तुझ्या डॉक्टरकाकाच्या नव्या विभागाचं उद्घाटन होतं आणि त्याने रांग बाजूला सारून, आपला माणूस म्हणून आपलं ऑपरेशन आधी केलं होतं. त्याला आता आणखी त्रास कसा द्यायचा, याची मला भीड पडली. भीड हा एवढासा शब्द आहे. चौथ्या दिवशी सकाळी ती पलंगाच्या कडेला दुमडून बसली होती, सरळ होता येत नव्हतं. तेव्हा फोन केला. आणि काय म्हणालो? “अरे, तिचं पोट जरा फुगल्यासारखं वाटतंय.” जरा! दुमडून बसलीय असं म्हणालो नाही. शाळेपासून तो मला पंतोजी म्हणतो. म्हणाला, “गॅसेस रे पंतोजी, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर होतातच. गोळी दे.” मला इतकं हायसं वाटलं की मी त्याचे आभार मानले.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, आपण जाऊ या का? मी म्हणालो, कालच तर बोललो त्याच्याशी, पुन्हा लगेच कसं करायचं? त्याच दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, आई कशी आहे? मी म्हणालो, छान आहे, झोपलीय.

ती झोपली नव्हती. शेजारच्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं म्हणून मी दार लोटून घेतलं.

का, ते तुला कळेलच, पण मी लिहायला हवं. तू म्हणाली होतीस, माझ्याकडे आणा. काही बिघडलंय असं मी कबूल केलं असतं तर तुझं खरं ठरलं असतं. तेवढ्यासाठी. सातव्या दिवशी डोळे हळदीसारखे झाले आणि ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा मी टॅक्सी बोलावली.

लिफ्टसमोर तू म्हणालीस, “तुम्ही मित्रासाठी आईचा जीव पणाला लावलात.” आणि मी म्हणालो, “दोन वर्षांनी उगवणाऱ्या माणसाने मला शिकवू नये.” तू चुकत होतीस. मित्रासाठी नव्हतं ते.

पहिल्या पत्रात ‘दुखायला लागल्याबरोबर फोन केला’ असं लिहिलंय, ते खोटं आहे. खोडून टाक.

बाबा


१३ मार्च

पोरी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाही असं म्हणणार नाही. पण काल एक गोष्ट झाली ती तुला कळायला हवी, म्हणून लिहितो.

परवा आई म्हणाली, मला त्यांना भेटायचंय. मी म्हणालो, त्याला घरी बोलावतो. “घरी नको. दवाखान्यात. आजारी मी आहे.”

गेलो. तिने स्वागतकक्षात नाव सांगून नंबर घेतला. चौदा. आम्ही बसलोय हे आत कळलं तशी परिचारिका धावत आली, सर म्हणतात तुम्ही लगेच आत या. आई म्हणाली, “नंबराने येऊ. मागच्या वेळी मधूनच घुसलो होतो.” पाऊण तास बसलो. भिंतीवर पोटाच्या आतल्या अवयवांचा रंगीत तक्ता होता. तो ती टक लावून बघत होती, कपडा बेतायच्या आधी बघते तशी.

आत गेल्यावर तो उठून उभा राहिला. बारीक झालाय. डिसेंबरापासून आम्ही दोघं मैदानावर संध्याकाळी फिरायला जात नाही, त्यामुळे मी त्याला जवळून बघितलं नव्हतं. तो म्हणाला, “वहिनी, कशा आहात?”

“तेच विचारायला आलेय, भावजी. मी कशी होते?”

त्याने बोलायला सुरुवात केली. अशा ऑपरेशनमध्ये हजारात दोन-तीन जणांना हे होतं, सूज असली की नळ्या एकमेकींना चिकटतात, वगैरे. आईने त्याला मध्येच तोडलं नाही. पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, “हे मी सही केली त्या कागदात लिहिलंय. तेव्हा वाचलं नव्हतं, आता वाचलंय. मी तुम्हाला विचारतेय. तुम्हाला कधी कळलं?”

तो खुर्चीत बसला. टेबलावरचा प्लास्टिकचा यकृताचा नमुना त्याने उगाच सरळ केला. बाहेर पंधरा नंबरचा माणूस खोकत होता.

“ऑपरेशन करताना नाही कळलं,” तो म्हणाला. “खरं सांगतो. रक्त येत होतं, काही धड दिसत नव्हतं. दुर्बीण काढून पोट उघडायला हवं होतं. मला वाटलं, निभावून नेईन.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “कळलं ते चौथ्या दिवशी. याच्या फोनवर. हा म्हणाला ‘जरा’. पण याचा आवाज ‘जरा’चा नव्हता. पन्नास वर्षं ऐकतोय मी तो आवाज.”

“मग बोलावलं का नाही?” आईने विचारलं.

“बोलावलं असतं तर बघावं लागलं असतं, वहिनी.”

पोरी, त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं मीच बोलतोय. एकाने फोनच्या या टोकाला दार लोटलं, दुसऱ्याने त्या टोकाला. आणि मध्ये ती पलंगाच्या कडेला दुमडून बसलेली.

आईने डोळे टिपले नाहीत की आवाज चढवला नाही. “आणि ते ऑपरेशनचं टिपण? त्यात मी पुरुष आहे.”

तो ओशाळला. “ते तयार मजकूर असतात. सगळ्यांचं तसंच असतं हो.”

“सगळ्यांचं?”

त्याचा हात पुन्हा त्या यकृतावर गेला.

“आत्ता जे सांगितलंत ते लिहून द्याल?” तिने विचारलं.

त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, हॉस्पिटलचे भागीदार आहेत, विमा कंपनी आहे, त्यांचा वकील एक अक्षर बोलू देणार नाही. “वहिनी, हे मी तुम्हाला घरच्या नात्याने सांगितलं.”

“ऑपरेशनही घरच्याच नात्याने केलंत,” आई म्हणाली आणि उठली.

मी तिच्या मागोमाग निघालो. दारातून वळून बघितलं तर तो अजून त्या यकृतावर हात ठेवून बसला होता. काय बोलणार? तो जर मला म्हणाला असता, तू तुझं लिहून देशील का, तर?

पायऱ्यांवर आई दम खायला बसली. म्हणाली, “केस करायची.”

मी तोंड उघडलं.

“तुम्ही बोलू नका,” ती म्हणाली. “तुम्ही लिहा. तारखा. सगळ्या.”

बाबा


२२ मार्च

अगं,

आज मी लिहितेय. तुझे बाबा समोर बसलेत आणि शुद्धलेखन बघू का असं दोनदा विचारून झालंय. नाही म्हणून सांगितलंय. चुका असतील तर तशाच वाच.

काल त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. दुसरा दिवस, तिसरा दिवस, तुझा फोन, लोटलेलं दार, पेन्सिल, सगळं आहे त्यात. वकीलबाईंनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, हे असंच दिलं तर समोरचा वकील नाचेल. तो म्हणेल, सूचना दिली होती, नवऱ्याने वाचली होती, तरी आणलं नाही. “तुमची निम्मी केस तुमच्याच मिस्टरांनी खोडलीय. कार्डाचा उल्लेख मी टाळू शकते, ते आपल्यावर बंधनकारक आहे का ते बघू.” मी म्हणाले, टाळायचं असतं तर मी ते शब्दकोशातच राहू दिलं असतं. डॉक्टरने खोलीत खरं सांगितलं आणि कागदावर खोटं ठेवलं, हीच तर माझी तक्रार आहे. मग मी माझ्याच कागदावर तसं करू? बाई म्हणाल्या, हराल कदाचित. मी म्हणाले, हरू. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण डॉक्टरांच्या परिषदेकडे त्या टिपणाची वेगळी तक्रार गेली आहे. त्यांना आता त्या हॉस्पिटलातली बाकीच्यांची टिपणं काढून बघावी लागतील. आणखी किती जणी शुद्धीवर ‘आला’ झाल्यात ते तरी कळेल.

आता तुला. रागावू नकोस, किंवा रागाव, पण वाच.

तुम्ही दोघांनी माझ्या पोटावरून चार महिने भांडण केलंत. तू म्हणायचीस केस करा, हे म्हणायचे नको. तू वकील शोधलीस, लखोटा ह्यांच्या नावाने पाठवलास. माझ्या नावाने का नाही? पोट कुणाचं होतं? हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी तुम्हा दोघांना काचेतून बघायचे. हात हलवून हलवून बोलत असायचात. दोघांपैकी एकाने आत येऊन, आई तुला काय वाटतं, असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला काही वाटत नाहीये, मला पाणी हवंय.

आणि एक माझंही आहे. ते ह्यांच्या कागदात नाही म्हणून इथे लिहिते. पाचव्या दिवशी तू फोन केलास तेव्हा दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. मी ओरडू शकले असते. “अगं, मला बरं नाही, ये,” एवढंच. माझा आवाज तेव्हा शाबूत होता. मी उशीत तोंड घातलं. तुझ्यासमोर तुझ्या बाबांचा शब्द खाली पडू नये म्हणून. बायका असं का करतात ते मला विचारू नकोस, मी पन्नाशी ओलांडली तरी मला कळलेलं नाही. पण ह्यांच्या भिडेला नावं ठेवताना तुला हे माहीत असावं.

डॉक्टर भावजींना नोटीस पोचली. त्यांच्या बायकोचा फोन आला, रडत होती. मी तिला काही टाकून बोलले नाही आणि तक्रार मागे घेते असंही म्हणाले नाही. ती म्हणाली, इतक्या वर्षांचं नातं. मी म्हणाले, नातं आहे म्हणूनच आधी येऊन विचारलं. तुझे बाबा संध्याकाळी मैदानावर फिरायला जायला लागलेत पुन्हा. ते म्हणतात की भावजीही येतात, पण उलट्या बाजूने फेऱ्या मारतात. म्हणजे दर फेरीला दोनदा समोरासमोर येतात. बोलत नाहीत. मी म्हणाले, मग वेळ बदला. तर नाही म्हणाले.

सोमवारी दुकान उघडतेय. जड उचलायचं नाही, इस्त्री नाही, फक्त मशीन आणि सुई. अकरातले तीन कपडे लोक तसेच घेऊन गेले, आठ आहेत. तू येणार असशील तर ये. केससाठी येऊ नकोस, तिला अजून वर्षं लागतील. माझ्याजवळ बसायला ये. बाबांशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. फक्त लिफ्टसमोर उभं राहून बोलू नका, बसून बोला.

तू मागच्या फोनवर मला विचारलंस की मी बाबांना माफ केलं का? तू का विचारतेस ते? तो प्रश्न ज्याने विचारायचा त्याने अजून विचारलेला नाही. ह्या माणसाने छापील चुका आयुष्यभर दुरुस्त केल्या, पण एवढं एक वाक्य त्यांना जुळवता येत नाहीये. पत्र संपवून त्यांच्याकडे देतेय. पाकिटात घालायचं आहे, म्हणजे वाचतीलच.

तब्येतीला जप.

आई


पोरी, आत्ताच विचारलं.

“बघू,” म्हणाली.

बाबा